अनुभव धागा : चारचौघांत बसून ठरवायला तुम्ही कुठे शिकलात?

पडवी
परवा गावचं घर आवरताना माळ्यावर बाबांची इतिवृत्ताची वही सापडली. बाबा बरीच वर्षं गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे कार्यवाह होते. 'ड' वर्गाचं वाचनालय, दोन खोल्या आणि पुढे पडवी. वहीत एक ठराव आहे, वर्तमानपत्रांचं टेबल आतून पडवीत आणण्याचा. कारण लिहिलंय, 'आत येण्यास संकोच करणाऱ्या मंडळींची सोय व्हावी'. ही मंडळी कोण ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. खालच्या आळीतली माणसं, आणि बायका. खाली बाबांच्याच अक्षरात, 'ठराव सहा विरुद्ध एक मतांनी मंजूर. विरोध : कार्यवाह.' म्हणजे विरोध त्यांचाच. पेपर चोरीला जातील, ही त्यांची काळजी.

दुसऱ्या दिवसाची सकाळ मला आठवते. मी तिसरीत असेन. टेबलाची एक बाजू बाबांनी धरली, दुसरी मला धरायला लावली. उंबऱ्याला अडकून एक पाय निखळला, तो त्यांनीच उकिडवं बसून ठोकून बसवला. मी विचारलं, तुम्हाला नको होतं ना हे? म्हणाले, "नको होतं. पण आता ठरलं ना."

शाळेत नागरिकशास्त्र इतिहासाच्या शेपटाला असायचं, दोन दिवसांत पाठ करून टाकायचो. आपलं मत हरलं तरी ते वहीत लिहायचं आणि ठरलेलं काम स्वतः उचलायचं, हे त्या टेबलापाशी कळलं. तुम्हाला असं काही कुठे मिळालं? मंडळ, सोसायटी, बचत गट, बोर्डिंग, ग्रामसभा, काहीही चालेल. वाईट अनुभवही लिहा.

रानजाई
किती छान लिहिलंय. कुकर लावलाय, येते.

सदस्या वॉर्ड ३
आमच्याकडे वहीच घरी यायची. शिपाई दारात उभा, "वहिनी, महिला सभेची सही." सभा कधी झाली? "झाली की." ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असा कायदा आहे, तो असा दारादारांत उरकायचा. पंचायतीत निम्म्या जागा बायकांना २०११ मध्ये मिळाल्या म्हणून मी निवडून आले, तोवर मीही सह्या केल्यात. निवडून आल्यावर पहिल्यांदा म्हटलं, सभा होईल तिथे सही करीन. तर म्हणे बायका येणार नाहीत. दुपारी तीनला ठेवली, अंगणवाडीत, पोरं घेऊन या म्हटलं. अकरा जणी आल्या. पहिला विषय काय निघाला? नळाला पाणी सकाळी साडेनऊला सुटतं, तेव्हा आम्ही शेतात असतो. इतकी वर्षं हे कोणी बोललंच नव्हतं, कारण ग्रामसभेत बसणाऱ्या पुरुषांना साडेनऊची अडचण नव्हती. आता साडेसहाला सुटतं.

मोडी लिपी
@सदस्या वॉर्ड ३, साडेसहा! आमच्याकडे अजून रात्री अकराला सुटतं. सरपंचांना हे दाखवतो.

वडाची पारंबी
मी रयत शिक्षण संस्थेचा. बोर्डिंगात होतो. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ साली काले गावी संस्था काढली आणि १९२४ पासून साताऱ्याला सगळ्या जातींची पोरं एका छताखाली ठेवली, हे पाहुण्यांच्या भाषणात दरवर्षी ऐकायचो. पण आमच्यासाठी तो इतिहास नव्हता, रोजचं काम होतं. घरून जे धान्य यायचं ते एका कणगीत ओतायचं. कोणाची ज्वारी पांढरीशुभ्र, कोणाची किडकी. ओतली की संपलं. भाकरी कोणाच्या ज्वारीची ते कळायचा प्रश्नच नाही. पहिल्या आठवड्यात एक जण आपलं पोतं धरून बसला होता, सोडेना. गुरुजी काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यानंच ओतलं. तो पुढे तालुक्याला मोठा अधिकारी झाला. त्याच्या टेबलासमोर कोणी उभं राहिलेलं मी पाहिलं नाही, आलेल्या प्रत्येकाला बसायला सांगायचा. ओळखीचा असो नसो.

तिठा
काका, कमवा-शिकामध्ये तुम्हाला काय काम होतं? माझे वडील बागेत होते, अजून खुरपं त्यांच्याच हातात शोभतं.

वडाची पारंबी
@तिठा गोठा. शेणाचा वास आला की अजून मला शाळा आठवते बघा.

रानजाई
आले. आडवी बाटली.

दारूचं दुकान बंद करायला आमच्या मावशीच्या गावात मतदान झालं होतं. चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद. फक्त बायकांचं मतदान. आलेल्यांपैकी जवळजवळ सगळ्यांनी आडवी केली आणि तरी हरलो. कारण आलेल्यांच्या निम्म्या नाही, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्यांहून जास्त मतं लागतात. यादीत कोण? मुंबईला गेलेल्या, लग्न होऊन गेलेल्या, आणि वारलेल्या. माझ्या मावशीच्या सासूबाई आठ वर्षांपूर्वी गेल्या, त्यांचं नाव होतं. म्हणजे गेलेल्या बायकाही उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या गेल्या म्हणायच्या.

त्या दिवशी मावशी रडली नाही. यादीची झेरॉक्स आणली, गटाच्या बैठकीत पसरली आणि एकेक नाव वाचायला लावलं. नाव वगळायला सात नंबरचा फॉर्म, नवीन सुनेचं घालायला सहा नंबरचा. बचत गटाच्या त्या बायका, दर महिन्याला हप्ता मोजायची सवय होतीच, तसंच नावं मोजली. पुढचं सगळं लिहिते, पोरगी उठली.

सदस्या वॉर्ड ३
@रानजाई मग दुकान?? लवकर लिही!

निनावी२
वाईट अनुभवही लिहा म्हटलंत म्हणून.

आमच्या समाजाची मोठी पातेली आहेत. लग्नाला, बाराव्याला सगळे नेतात. त्यातल्या एका पातेल्यावर माझ्या आजोबांचं नाव कोरलंय, 'यांजकडून सप्रेम भेट'. माझ्या बहिणीनं समाजाबाहेर लग्न केलं. पंचांनी घरावर बहिष्कार टाकला. दीड वर्षानं आजोबा गेले तेव्हा बाबा पातेली मागायला गेले, तर कुलूप लावून माणूस निघून गेला होता. आजोबांच्या नावाचं पातेलं आजोबांच्या बाराव्याला मिळालं नाही. हे लिहिताना अजून हात थरथरतो.

सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानं कायदा केला, २०१६ चा, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आम्ही तक्रार केली. बाबांना ते फार जड गेलं. म्हणायचे, आपलीच माणसं आहेत रे. मी म्हटलं, आपली होती तर पातेलं दिलं असतं. समाजानंच मला वाढवलं, माझी पहिली फी समाजाच्या शिष्यवृत्तीतून भरली गेली, हेही खरं आहे. त्या दोन गोष्टी मला अजून एकत्र ठेवता येत नाहीत.

पडवी
@निनावी२ वाचून गप्प झाले. बाबांना आणि ताईला सांभाळा. लिहिलंत हे फार मोठं केलंत.

तिठा
🙏 ताई बरी आहे ना?

निनावी२
हो. मजेत आहे, मुलगी झाली. बाबा जातात तिच्याकडे.

जिन्याखाली
पातेल्यांवरून, आमच्या मंडळाच्या घागरींवर पण नावं कोरलेली आहेत. लहानपणी आम्ही भांडी घासताना आपापल्या आजोबांची शोधायचो.
बाकी एक विचारायचं होतं, आमच्या सोसायटीत वार्षिक सभेचं इतिवृत्त दाखवत नाहीत. सभा ३० सप्टेंबरच्या आत होते पण पाच मिनिटांत 'मंजूर मंजूर' करून चहा. काय करावं?

मोडी लिपी
@जिन्याखाली सहकार कायदा बघा, सभासदाला पाहायचा हक्क आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी मागू नका. आणि पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचल्याशिवाय मंजूर म्हणू नका. एकट्यानं उभं राहायला लागतं, पण दुसरा उभा राहतोच.

चष्मेवाली
समाजकार्याला असताना आम्हाला गडचिरोलीत मेंढा लेखाला नेलं होतं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा ऐकून होते, मला वाटलं नुसती पाटी असेल. तिथे मतदान करत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबतात. एका माणसाचा विरोध होता तर विषय पुढच्या सभेवर गेला. आम्ही शहरातली पोरं चुळबुळत होतो. शेजारच्या आजी अगदी निवांत. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला, तो असा थांबत थांबत.
@पडवी तुमच्या बाबांचं सहा विरुद्ध एक तिथे चाललं नसतं. मला दोन्ही पद्धती पटतात, कोणती बरी ते अजून ठरत नाही.

ओलं अंगण
कोल्हापूरकडच्या हेरवाड गावचा ठराव २०२२ मध्ये झाला, विधवा प्रथा बंद. आमच्याही गावानं केला. आईनं तरी बांगड्या घातल्या नाहीत, म्हणाली आता सवय नाही. पण संक्रांतीला शेजारच्या काकू हळदीकुंकवाला बोलवायला दारात आल्या. आधी मनात असूनही यायच्या नाहीत, लोक काय म्हणतील म्हणून. आई साडी बदलून गेली. एवढंच.

रानजाई
@सदस्या वॉर्ड ३ दुसऱ्यांदा मतदान झालं, जिंकलो. तोवर यादी साफ झाली होती. मुंबईच्या आठ जणी एका जीपने आल्या, भाडं गटानं काढलं. आता मावशी विधानसभेच्या वेळी पण केंद्राबाहेर वही घेऊन बसते, कोणाचं नाव सुटलं ते लिहायला. तिला कोणी सांगितलेलं नाही.

मोडी लिपी
@पडवी एक राहिलं. बाबांना भीती होती तसे पेपर गेले का चोरीला?

पडवी
@मोडी लिपी दोनदा गेले, वहीत नोंद आहे. बाबांनी पुन्हा टेबल आत न्यायचा ठराव मांडला नाही. पेपर मधोमध शिवून लाकडी पट्टीला बांधायला लागले, रोज सकाळी, दाभण घेऊन. ते दाभण पण वहीजवळच सापडलं.