मदत हवी आहे: सिस्टमडी सॉकेटवर आयपी बंदी लावूनही बाहेरची मशिन्स जोडली जातात

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे नोंदी शोधून देणारा एक जुना प्रोग्रॅम आहे. स्टँडर्ड इनपुटवरून एक ओळ वाचायची, उत्तर स्टँडर्ड आउटपुटवर लिहायचं आणि बंद व्हायचं, एवढंच त्याचं काम. तो क्वचितच लागतो, म्हणून कायम चालू ठेवत नाही. पोर्ट ७७०० वर कोणी आलं की एक्सआयनेटडी (जोडणी आली की ठरलेला प्रोग्रॅम उठवणारी सेवा) तो सुरू करायचा. नव्या सर्व्हरवर एक्सआयनेटडी नाही, म्हणून तेच काम सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेच्या) सॉकेट अ‍ॅक्टिव्हेशनवर हलवतोय.

सुरू होण्याचा भाग छान जमला. सॉकेट फाइलमध्ये 'अ‍ॅक्सेप्ट=येस' आणि टेम्पलेट सर्व्हिसमध्ये 'स्टँडर्डइनपुट=सॉकेट' दिलं की दर जोडणीला नवी प्रत उभी राहते. प्रोग्रॅमच्या कोडला हातही लावावा लागला नाही. एक्सआयनेटडीतल्या 'इन्स्टन्सेस' (एकूण किती प्रती) आणि 'पर_सोर्स' (एका पत्त्यावरून किती) या मर्यादांच्या जागी 'मॅक्सकनेक्शन्स' आणि 'मॅक्सकनेक्शन्सपरसोर्स' मिळाले.

अडलंय ते 'ओन्ली_फ्रॉम'पाशी, म्हणजे ठराविक पत्त्यांनाच आत घेण्याच्या एक्सआयनेटडीतल्या सोयीपाशी. सर्व्हिस फाइलमध्ये हे आहे (पहिल्या दोन ओळींचा अर्थ: सगळे पत्ते बंद, फक्त हे एक जाळं खुलं):

आयपीअ‍ॅड्रेसडिनाय=एनी
आयपीअ‍ॅड्रेसअलाउ=१९२.१६८.१०.०/२४
डायनॅमिकयूजर=येस
प्रोटेक्टसिस्टम=स्ट्रिक्ट

तरीही १९२.१६८.२०.५ वरून नेटकॅटने (हाताने जोडणी करून पाहायच्या साधनाने) जोडलं की उत्तर सरळ हातात येतं. जर्नलमध्ये (सिस्टमडीच्या लॉगमध्ये) एरर नाही. 'सिस्टमडी-अ‍ॅनलाइज सिक्युरिटी'लाही आयपी यादी दिसते. त्याच सर्व्हिसमधून दुसरीकडे जोडणी करायला गेलं तर मात्र ती अडते, म्हणजे फिल्टर चालू आहे!

फायरवॉलमध्ये नियम टाकता येईल, पण मला तो सर्व्हिसच्या फाइल्सबरोबरच राहायला हवा आहे. उद्या हे दुसऱ्या सर्व्हरवर नेलं आणि फायरवॉलचा नियम मागे राहिला, तर सगळ्या नोंदी उघड्या पडतील. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

यादी चुकीच्या फाइलमध्ये आहे. हा फिल्टर सीग्रुपवर (कर्नलने प्रत्येक युनिटसाठी केलेल्या प्रोसेसच्या गटावर) चालतो, आणि ऐकणारं सॉकेट सर्व्हिस नव्हे तर सॉकेट युनिट उघडतं. बाहेरून सर्व्हिसच्या हाती दिलेल्या सॉकेटला सर्व्हिसची यादी लागू होत नाही. 'सिस्टमडी.रिसोर्स-कंट्रोल'च्या मॅन पेजमध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे, पण पटकन नजरेत येत नाही.

त्या दोन ओळी सॉकेट फाइलच्या 'सॉकेट' विभागात टाका. सर्व्हिसमध्येही राहू द्या, प्रोग्रॅमने स्वतः उघडलेल्या जोडण्यांना तीच यादी लागते. मग डेमन-रिलोड करून (म्हणजे सिस्टमडीला फाइल्स पुन्हा वाचायला लावून) सॉकेट युनिट रीस्टार्ट करा.

एक फरक जाणवेल. एक्सआयनेटडी जोडणी स्वीकारून लगेच तोडायचा. इथे पॅकेटच गळून पडतं, त्यामुळे समोरचा टाइमआउट होईपर्यंत ताटकळतो. ते बरोबरच आहे.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. त्यात भर म्हणून सर्व्हिसमध्ये 'प्रायव्हेटनेटवर्क=येस' घाला. सॉकेट आधीच उघडून हातात मिळालेलं असल्याने प्रोग्रॅम उत्तर देऊ शकतो, पण स्वतःहून नेटवर्कवर कुठेही जाऊ शकत नाही. प्रोग्रॅममध्ये एखादं भोक सापडलं तरी तिथून बाहेर डेटा पाठवणं फार अवघड होतं. मागणीनुसार सुरू होणाऱ्या सर्व्हिसचा मला तरी हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो. फक्त प्रोग्रॅम डीएनएस विचारत असेल (नावावरून आयपी पत्ता शोधत असेल) तर ते बंद पडेल, आधी तपासा.

आणि 'रनटाइममॅक्ससेक' (एक प्रत जास्तीत जास्त किती सेकंद चालेल) द्या. जोडणी उघडून गप्प बसणारा क्लायंट 'मॅक्सकनेक्शन्स'मधली जागा अडवून ठेवतो, आणि तिथली मूळ मर्यादा ६४ च आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ओळी सॉकेट फाइलमध्ये टाकल्या, आता २०.५ वरून नेटकॅट नुसतं थांबून राहतं आणि १० च्या जाळ्यातून उत्तर येतं. प्रोग्रॅम डीएनएस विचारत नाही, त्यामुळे 'प्रायव्हेटनेटवर्क' चालू ठेवलं आहे. 'रनटाइममॅक्ससेक' ६० दिलं.