सोनोग्राफीवर पोटाच्या स्नायूंची जाडी: वजनाचा हिशेब कसा करायचा?

कंबर_कणा:
कंबरदुखीच्या अभ्यासासाठी पोटाच्या बाजूच्या भिंतीतल्या तीन थरांची, म्हणजे ट्रान्सव्हर्सस (सर्वांत आतला), इंटर्नल ऑब्लिक (मधला) आणि एक्स्टर्नल ऑब्लिक (बाहेरचा) या स्नायूंची जाडी सोनोग्राफीवर मोजतोय. गटात 48 ते 92 किलोची माणसं आहेत. जाडीला वजनाने भागलं, तर वजनदार मंडळींचे स्नायू पार दुबळे दिसायला लागले. शिवाय त्याच माणसाचं माप दुसऱ्या दिवशी अर्धा मिलिमीटर सरकतं. काय चुकतंय?

प्रोब_आणि_जेल:
आधी माप स्थिर करा, भागाकार मागाहून. उताणं झोपवा, गुडघे वाकवून खाली उशी. प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) आडवा, बरगड्यांची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, काखेच्या पुढच्या कडेपासून सरळ खाली येणाऱ्या रेषेजवळ. ट्रान्सव्हर्ससचं निमुळतं टोक चित्राच्या एका कडेला दिसलंच पाहिजे. त्या टोकापासून दर वेळी तेवढ्याच अंतरावर मापा, समजा 2 सेंमी, कारण टोकापासून दूर जावं तसा स्नायू जाड होत जातो. तुमचा अर्धा मिलिमीटर बहुधा इथेच हरवतोय.

चित्र नेहमीचा श्वास सोडून झाल्यावरच गोठवा. श्वास रोखायला सांगितलं की पोट आवळतं. मापाचे कर्सर फॅशियाच्या (स्नायूवरच्या पातळ आवरणाच्या) पांढऱ्या रेघांच्या आतल्या कडांवर ठेवा. 3 मिमीच्या स्नायूत रेघ धरली गेली की माप सहज बिघडतं. आणि दाबू नका! प्रोब आणि कातडीमध्ये जेलचा काळा थर दिसत राहायला हवा. प्रोब उचलून पुन्हा ठेवत तीन चित्रं घ्या, सरासरी काढा. सहसा इंटर्नल ऑब्लिक सगळ्यात जाड, मग एक्स्टर्नल, शेवटी ट्रान्सव्हर्सस. क्रम वेगळा आला तर आधी प्रोबची जागा तपासा.

घनमूळ:
जाडी ही लांबीसारखी एकाच दिशेची, वजन मात्र घनफळाच्या चालीने वाढतं. म्हणून वजनाने नव्हे, वजनाच्या घनमुळाने भागा. उदाहरणादाखल, 50 किलोला 3.4 मिमी आणि 80 किलोला 4.0 मिमी धरा. वजनाने भागल्यास 0.068 आणि 0.050, म्हणजे दुसरा माणूस 26 टक्क्यांनी दुबळा. घनमुळाने 0.92 आणि 0.93, जवळजवळ सारखेच. तरी 0.33 हा घातांक (घनमूळ म्हणजे हाच घात) डोळे झाकून घेऊ नका. जाडी आणि वजन दोन्हींचे लॉग घेऊन स्वतःच्या आकड्यांत रेषेचा उतार काढा, तोच तुमचा घातांक, स्त्री-पुरुष वेगवेगळे. भागल्यावर जाडीचा वजनाशी संबंध उरला नाही, तर घातांक बरोबर.

कंबर_कणा:
आणि पोटावर चरबी खूप असेल तर?

प्रोब_आणि_जेल:
लिनियर (सपाट तोंडाच्या) प्रोबला खोलवर रेघा पुसट दिसतात. मग कमी फ्रिक्वेन्सीचा कर्व्ह्ड (गोलसर तोंडाचा) प्रोब घ्या. पण एका अभ्यासात मध्येच प्रोब बदलू नका, बदलायचाच तर सगळ्यांसाठी.

घनमूळ:
वजनात चरबीही मोजली जाते, हे ध्यानात ठेवा. चरबी वगळून शरीराचं वजन मिळत असेल तर भागायला तेच वापरा. पोर्टेबल मशीन क्लिनिकमध्ये आणून ठेवायचा विचार असेल, तर थांबा: 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या जागी सोनोग्राफी मशीन ठेवता येत नाही, तपासणी कंबरेची असली तरी.