सिनाबार नव्हे, बर्नेट
युरोपातील कुरणावर भर उन्हात टिपलेल्या एका छायाचित्रातील काळ्या-लाल पतंगाची ओळख कुणीतरी सिनाबार या जातीचा पतंग अशी दिली आहे. मला मात्र तो सहा ठिपक्यांचा बर्नेट हा वेगळा पतंग वाटतो. सिनाबारच्या पुढच्या पंखाच्या कडेने लांब लाल पट्टा आणि बाहेरच्या बाजूला दोनच ठिपके असतात, तर येथे हिरवट झाक असलेल्या चकचकीत काळ्या पंखावर ठिपक्यांच्या तीन जोड्या सरळ मोजता येतात. बाहेरची जोडी कधीकधी एकमेकांत मिसळते आणि मग पाच ठिपक्यांच्या बर्नेटशी गल्लत होते, एवढे ध्यानात ठेवावे. डोक्यावरच्या स्पर्शिका फुलपाखरासारख्या टोकाकडे जाडसर असल्याने नवख्याला हे फुलपाखरू वाटले, तर नवल नाही. आसपासच्या गवताच्या काडीवर कागदासारखा पिवळसर कोष आणि त्यातून डोकावणारे काळे रिकामे कवच दिसल्यास हा सिनाबार नसून बर्नेट आहे याची शंका उरणार नाही.