नाक्यावरची पाणपोई आणि झाडं

साठे (सेक्रेटरी): मंडळी, नाक्यावरच्या जुन्या दगडी पाणपोईभोवती चार झाडं आणि कुंड्या लावायचं घाटतंय. शुक्रवारपर्यंत आपलं मत कळवायचंय. बोला.

मीनल २०४: पाठिंबा 👍 मे महिन्यात तिथे बसची वाट बघून दाखवा.

जोशी काका: सावली हवीच, पण दगडाला चिकटून नको. पाणपोईच्या माथ्यावर आधीच एक पिंपळ आलाय, काल नीट पाहिला. पानं तळहाताएवढी, मूळ करंगळीएवढं. सांध्यातला चुना ढकलत खाली उतरलंय. हा कुणी लावला नव्हता हं, कावळ्याची कृपा.

रोहन: म्हणजे हेरिटेजच्या नावाखाली झाडं लावायचीच नाहीत?

जोशी काका: अरे, मुंबईच्या फोर्टातलं हॉर्निमन सर्कल बघ. १८७२ मध्ये पुरं झालं. बाग मधोमध, मग रस्ता, मग इमारती. झाडाला माती, दगडाला हवा. तिथेच टाउन हॉलसमोर वडाखाली दलाल जमायचे, त्यातूनच पुढे शेअर बाजार उभा राहिला. झाड म्हणजे वारसा नाही, असं मी कुठे म्हटलं?

मीनल २०४: मग फक्त कुंड्या ठेवूया.

स्मिता वहिनी: कुंड्यांचं पाणी रोज पायथ्याशी मुरणार. ओल दगडात चढते, क्षार फुलतात, पापुद्रे सुटतात. मग कुणीतरी येऊन सिमेंट थापतं. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटमधून पडत नाही. सिमेंट तसंच राहतं, दगड झडतो.

रोहन: मग सावलीचं काय? 😐

जोशी काका: समोरचा पर्जन्यवृक्ष आहे की! मी चौथीत होतो तेव्हाही एवढाच होता. पेव्हर ब्लॉक पार बुंध्यापर्यंत बसवलेत, पाणी जाणार कुठून? निदान मीटरभर माती मोकळी करा. राज्याच्या वृक्ष कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड हेरिटेज वृक्ष आहे.

मीनल २०४: हे पटलं. नवीन झाडं बसस्टॉपच्या बाजूला, आणि बाक या झाडाखाली.

साठे (सेक्रेटरी): असंच लिहितो. पिंपळ रविवारी आपणच उपटायचा का?

स्मिता वहिनी: अजिबात नको! मूळ ओढलंत तर दगडही हातात येईल. जाणकार माणूस बोलवा.

रोहन: आणि आपल्या बी विंगच्या ड्रेनेज पाइपवरचा पिंपळ?

साठे (सेक्रेटरी): त्याचा ठराव गेल्या वर्षीच झालाय 🙏