मदत हवी आहे : पाण्यात चालणाऱ्या आठचाकीचा मागचा एक्सल परत तुटला, ट्रॅकही उतरते

बोडीवाला (अर्जुनी मोरगाव)
नमस्कार मंडळी. आमच्या मच्छीमार संस्थेकडे सेकंडहँड आठचाकी अ‍ॅम्फिबियस एटीव्ही, म्हणजे जमिनीवर आणि पाण्यातही चालणारी गाडी आहे. मामा (माजी मालगुजारी) तलावातली बेशरमची झुडपं उपटून काठावर ओढायला घेतली. मागचा एक्सल तुटला. आधी एकदा तुटला तेव्हा मिस्त्रीनं दुसरा बसवून दिला, तोही गेला. बाहेरचं बेअरिंग टिकत नाही, ट्रॅक (चाकांवरून फिरणारा पट्टा) उतरून जाते. तलाव आता आटला आहे, गाळात काम करायचे हेच दिवस. मृगाचा पाऊस पडला की सारं पाण्याखाली. नागपुरात एक्सल कुठं भेटंल, एवढंच सांगा. अर्जंट आहे.

लेथवाला (हिंगणा)
भाऊ, एक्सल तं बनवून भेटंल, पण तसाच बनवला तं तसाच तुटंल. तुटला कुठं? हबपाशी (चाक बसते तिथं), बेअरिंगपाशी, की आत स्प्रॉकेटपाशी (चेनच्या दातेरी चाकापाशी)? जाडी किती? बेअरिंगवर नंबर काय? ट्रॅक सरळ चालताना उतरते की वळताना?

टिलरभाऊ (तुमसर)
ट्रॅक काढून टाका. आम्ही चिखलणीला ट्रॅक्टरला लोखंडी केज व्हील (पात्यांचं पिंजऱ्यासारखं चाक) लावतो, धानाच्या बांधीत (शेतात) कितीही चिखल असो, गाडी फसत नाही. गावातलाच वेल्डर बनवून देते.

बोडीवाला
दादा, आमच्या तलावात मधात अजूनही खोल पाणी आहे. एवढं लोखंड लावलं तं गाडी तरंगणार नाही. बॉडी प्लास्टिकची, चाकं बॉडीला चिकटून, पाती घासतील.
लेथवाले भाऊ, मागचा डावा. बेअरिंगपाशी तुटला. वळताना उतरते. जाडी मिस्त्रीला माहीत, तो लग्नाला गेला आहे.

लेथवाला (हिंगणा)
व्हर्नियर लावून तुम्हीच मोजा. एक माप बेअरिंगच्या जागी, दुसरं आतल्या बाजूला. दोन्ही पाहिजेत. आणि तुटलेलं तोंड कसं दिसते ते लिहा.

गरमटॉर्च (साकोली)
एवढ्यासाठी नवीन एक्सल काहून? तुटलेल्या तोंडांना व्ही आकाराची खाच पाडा, मधात पिन टाका, वेल्डिंग मारा आणि लेथवर सरळ करून घ्या. ट्रॉलीचे एक्सल मी असेच करून देतो, चालून राहिले.

लेथवाला (हिंगणा)
ट्रॉलीचा एक्सल जागेवर राहते, चाक फिरते. इथं एक्सल स्वतः फिरते. दर फेऱ्याला त्याची प्रत्येक बाजू एकदा ताणते, एकदा दबते. त्यात ईएन ८ सारखं पोलाद नीट गरम न करता वेल्ड केलं तं जोडाच्या शेजारची पट्टी ठिसूळ होते आणि तिथूनच चीर सुरू होते.

गरमटॉर्च (साकोली)
गरम करूनच मारतो जी, आणि राखेत हळू थंड करतो. काम न पाहता बोलू नका.

लेथवाला (हिंगणा)
राखेत थंड करता हे बरोबरच आहे. तरी फिरत्या एक्सलला नको. खोल पाण्यात माणसं बसली असतात.

वाहनवेडा (पुणे)
तुम्ही सैन्याकडची ‘एटोर एन १२००’ पाहिली आहे का? २०२४ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात होती. तिला ट्रॅकच नाहीत, फक्त अवाढव्य, कमी हवेची टायर्स. तरीही चिखल, बर्फ, पाणी सगळीकडे जाते. तसे टायर मिळाले तर प्रश्नच मिटेल.

योजनामित्र (भंडारा)
प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत लाभार्थीकेंद्री कामांना सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अर्थसाहाय्य असते. संस्थेने जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयात बोटीसाठी विचारावे.

बोडीवाला
बोट आहे जी आमच्याकडं. बोटीनं बेशरम निघत नाही.
मोजून आणलं. बेअरिंगच्या जागी ३० मिलिमीटर, आतमध्ये ३१.७ भरते. बेअरिंगवर यूसी २०६ लिहिलं आहे. तुटलेलं तोंड दोन तऱ्हेचं आहे. मोठा भाग गुळगुळीत, तांबूस, त्यावर शिंपल्यासारख्या बारीक गोल रेघा. उरलेला कोपरा करडा, दाणेदार, चमकते. बेअरिंग आणि हब यांच्या मधात चार बोटं एक्सल उघडाच आहे.

लेथवाला (हिंगणा)
आता समजलं. मूळ एक्सल सव्वा इंची आहे, म्हणजे ३१.७५ मिलिमीटर. यूसी २०६ चं भोक ३० चं. मिस्त्रीला इंची बेअरिंग भेटलं नसंल, म्हणून त्यानं एक्सलच लेथवर उतरवला, म्हणजे घासून बारीक केला. न वाकता भार झेलायची ताकद जाडीच्या घनात मोजतात, तिथंच सुमारे १६ टक्के गेली. त्याहून वाईट म्हणजे ३० आणि ३१.७५ च्या मधात काटकोनी पायरी राहिली. सगळा ताण त्या कोपऱ्यात जमा होते. गुळगुळीत तांबूस भाग म्हणजे जुनी चीर, हळूहळू वाढत गेली, पाणी जाऊन गंजली. चमकणारा कोपरा तेवढा शेवटच्या दिवशी तुटला.
एक्सल अजिबात उतरवायचा नाही. बेअरिंग यूसी २०६-२० मागा, भोक सव्वा इंची. बाहेरचा व्यास तोच ६२, त्यामुळे हाउसिंग तेच चालते. एक्सल ईएन १९ पोलादाचा करू.

ट्रॅकबाबा (नागपूर)
लेथवाल्यांचं पायरीचं म्हणणं मान्य, पण मूळ कारण ते नाही. मी अशा गाड्यांच्या सर्व्हिसला होतो. एका बाजूची चारही चाकं चेनमुळं सारख्याच फेऱ्यांनी फिरतात. त्यातलं एक टायर झिजलेलं किंवा हवा कमी असलं की त्याचा घेर कमी, म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांत ते कमी अंतर कापणार. मोकळ्या टायरवर ते थोडं घसरून निभते, ट्रॅकच्या आत घसरायला वाव नाही. टायर आणि ट्रॅक एकमेकांशी झगडतात, भार एक्सलवर. ट्रॅक ढिला पडून उतरते तोही त्यामुळंच. सगळ्या टायरचा घेर टेपनं मोजा. हवा कमी दाबाच्या गेजनं पाहा, ट्रकवाल्याचं गेज ३-४ पीएसआय नीट दाखवत नाही.
आणि ती चार बोटं उघडी आहेत तिथं सपोर्ट पाहिजे. ट्रॅकच्या गाडीला बेअरिंग एक्स्टेंशन लावतात. नळीसारखं हाउसिंग असते, बाहेरचं बेअरिंग हबच्या जवळ नेऊन ठेवते.

टिलरभाऊ (तुमसर)
त्या नळीत गाळ भरंल.

ट्रॅकबाबा (नागपूर)
भरत नाही, सील आणि ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) असते. पण तलावातून निघाल्याबरोबर ग्रीस मारायचं, सीलमधून जुनं ग्रीस आणि पाणी बाहेर येईपर्यंत. गरम बेअरिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. दुसऱ्या दिवशी ग्रीस मारलं तं रातभर गंज चढतेच.

पाळीवरचा (नवेगावबांध)
गाडी तलावाच्या पाळीवर (बांधावर) वळवता काय? या मातीच्या पाळी आहेत, कोहळी समाजाच्या लोकांनी बांधल्या. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी (जमीनदारी) गेली, तलाव सरकारकडं आले, पण पाळ फुटली तं धान आपलंच बुडते. ट्रॅकवाली गाडी जागेवर वळली की पाळ खरवडून काढते. आणि पाऊस लागल्यावर धानाच्या बांध्यांत सारस पक्ष्यांची घरटी असतात, राज्यात ते आपल्याच भागात उरले. तेव्हा तिकडून नेऊ नका.

ट्रॅकबाबा (नागपूर)
पाळीवरच्या दादांचं गाडीच्या हिशेबानंही खरं आहे. कोरड्या कडक जमिनीवर ट्रॅक सहज घसरत नाही. जागेवर वळताना मधली चाकं नुसती फिरतात, पण पहिल्या आणि शेवटच्या एक्सलवर आडवा जोर येते. वळायचं तं ओल्या गाळात, मोठा घेर घेऊन.

लेथवाला (हिंगणा)
टायर मोजा, हरकत नाही. पण पायरी ठेवली तं सारखे टायर लावूनही एक्सल तुटंल.

बोडीवाला
मोजलं. डावीकडचं मागचं टायर बाकीच्यांपेक्षा दोन बोटं कमी भरते. ट्रॅक त्याच बाजूचा उतरते. पाळीवर वळवतो हे खरं, दुसरीकडून उतरायला रस्ता नाही, पण सरपंचांशी बोलून काठाला मुरूम टाकून घेऊ, म्हणजे गाडी सरळ उतरंल, वळण खाली गाळात घेता येईल. सोमवारी हिंगण्याला येतो. बाकीचे एक्सल पण खोलायचे काय?

लेथवाला (हिंगणा)
सातही खोला. मिस्त्रीनं आणखी कुठं उतरवला असंल तं बेअरिंगच्या जागी ३० भरंल, तो बदलायचाच. तुटलेल्याचे दोन्ही तुकडे आणजा, कीवेची (चावी बसायच्या खाचेची) लांबी आणि हबची भोकं त्यावरून घेतो. बेअरिंग हाउसिंगसकट आणा. एक्स्टेंशनचं माप गाडी समोर असल्याशिवाय घेता येत नाही, तोवर नवा एक्सल बसवून, ट्रॅक काढून नुसत्या टायरवर काठाकाठानं चालवा.