मदत हवी आहे : जे. विजया यांच्याविषयी मराठीत साहित्य

नमस्कार मंडळी. भाची नागपुरातच आठवीत आहे. विज्ञान दिनाला तिला एका स्त्री शास्त्रज्ञावर बोलायचंय. मॅडम क्युरींवर वर्गातल्या निम्म्या मुली बोलणार, म्हणून मी जे. विजया सुचवल्या. आता निस्तरायचं माझ्याकडेच आलंय!

विजया म्हणजे भारतातल्या पहिल्या महिला सरीसृपतज्ज्ञ. जन्म बंगळुरूचा, १९५९ चा. कॉलेजात असतानाच मद्रासच्या सर्पोद्यानात स्वयंसेवक म्हणून जायला लागल्या आणि पुढे कासवांच्या मागे देशभर फिरल्या. केरळच्या जंगलातलं केन टर्टल नावाचं कासव सुमारे ७० वर्षं कोणा संशोधकाला दिसलं नव्हतं. १९८२ मध्ये विजयांनी ते शोधून काढलं आणि अभ्यासासाठी तिथे चक्क गुहेत मुक्काम केला. १९८७ मध्ये, तिशीही न गाठता त्या गेल्या. २००६ मध्ये त्या कासवाच्या प्रजातीगटाला 'विजयाचेलिस' नाव मिळालं. मला तर हे कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठं वाटतं.

आता अडचण सांगते. इंटरनेटवर सगळं इंग्रजीत आहे, पोरीला मराठीत बोलायचंय. कोणाकडे मराठी लेख, जुनं कात्रण आहे का? नागपुरात सीताबर्डीवरच्या एखाद्या ग्रंथालयात ऐंशीच्या दशकातली मासिकं बांधून ठेवलेली सापडतील का? इथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारं कोणी तिला अर्धा तास देईल तर फारच बरं. आणि हो, नकाशावर दाखवायला विदर्भातल्या नद्यांमध्ये कोणती कासवं आढळतात, तेही सांगा न कोणीतरी.