वाचनालयाच्या सभागृहात जुना प्रोजेक्टर बसवायचा आहे: जागा, पडदा आणि दमट हवा यांविषयी मार्गदर्शन हवे

देवगडचा_वाचक

सर्वांना नमस्कार. देवगड तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयाला मुंबईस्थित एका ग्रामस्थांनी त्यांच्या कार्यालयातून निघालेला प्रोजेक्टर भेट दिला आहे. जून महिन्यात शाळा सुरू झाल्यावर मुलांना विज्ञानविषयक चित्रफिती दाखवाव्यात, आंबा बागायतदारांसाठी तुडतुडे आणि फुलकिडे यांच्या नियंत्रणाविषयी सचित्र व्याख्याने ठेवावीत आणि गणपतीला चाकरमानी गावी आले की त्यांच्यासाठीही एखादा कार्यक्रम करावा, अशी कार्यकारिणीची इच्छा आहे. मात्र हे यंत्र हाताळण्याचा अनुभव आमच्यापैकी कोणालाही नाही.

यंत्र डीएलपी प्रकारचे (सूक्ष्म आरशांनी चित्र घडवणारे) असून त्यावर ३२०० ल्युमेन (प्रकाशाचे माप) आणि १०२४ × ७६८ (चित्रातील आडवे व उभे बिंदू) असे छापलेले आहे. सोबतच्या पुस्तिकेत अंतर आणि चित्राची रुंदी यांचे गुणोत्तर १.९६ ते २.१५ असे दिले आहे. सभागृह ३० फूट लांब आणि १८ फूट रुंद आहे. भिंती चिऱ्याच्या असून आतून गिलावा व चुना आहे, छप्पर मंगलोरी कौलांचे आहे, आणि लांबीच्या पश्चिमेकडील भिंतीला तीन खिडक्या आहेत. यंत्र बाकावर ठेवून, पुढून पुस्तकांचा आधार देऊन लावून पाहिले, तेव्हा चित्र वर रुंद आणि खाली अरुंद असे आले, आणि दुपारच्या वेळी ते अगदी फिके दिसले. यंत्र वाशाला टांगावे की टेबलावर ठेवावे, तयार पडदा विकत घ्यावा की भिंत चालेल, आमच्या लॅपटॉपला केवळ एचडीएमआय असल्यामुळे यंत्राच्या निळ्या पंधरा पिनांच्या जागी तो कसा जोडावा, आणि पावसाळ्यात या वस्तूची निगा कशी राखावी, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

रत्नागिरी_प्रकाशव्यवस्था

नमस्कार. गावोगावच्या सभागृहांत आणि मंगल कार्यालयांत ही यंत्रे लावण्याचे काम मी करतो, त्यामुळे जागेविषयी प्रथम लिहितो. यंत्र कसेही असले तरी चित्राचा बरावाईटपणा बव्हंशी खोलीवरच ठरतो.

आपण दिलेले गुणोत्तर फार उपयोगी आहे. चित्र जितके रुंद हवे, त्याच्या १.९६ ते २.१५ पट अंतरावर यंत्राचे भिंग असले पाहिजे. आठ फूट रुंदीच्या चित्रासाठी हे अंतर साधारण पावणेसोळा ते सव्वासतरा फूट येते, आणि या पट्ट्यात झूमची कडी फिरवून नेमके माप साधता येते. म्हणजे आपल्या तीस फुटांच्या सभागृहात यंत्र मागच्या भिंतीपाशी नव्हे, तर मधल्या वाटेत, श्रोत्यांच्या मध्यावर येईल. तेथून मागे नेले तर चित्र मोठे होईल, परंतु प्रकाश तेवढाच राहून अधिक क्षेत्रावर पसरेल. आठ फुटांऐवजी दहा फूट रुंदी केली तर क्षेत्र दीडपटीहून जास्त होते आणि उजेड त्याच प्रमाणात उतरतो. आपल्या यंत्रासाठी आठ फूट रुंद आणि सहा फूट उंच हेच चित्र मला योग्य वाटते.

चित्राचा आकार बिघडण्याचे कारण पुस्तकांचा आधार हे आहे. या जातीच्या बहुतेक यंत्रांत भिंग असे बसवलेले असते की यंत्र सपाट ठेवले तरी चित्र आपोआप भिंगाच्या पातळीपासून वरच्या दिशेने पडते. म्हणून चित्राची खालची कड जमिनीपासून साडेतीन फुटांवर हवी असेल, तर भिंग साधारण त्याच उंचीवर किंवा किंचित खाली येईल असे मजबूत टेबल घ्यावे, यंत्र पाणसळ लावून सपाट ठेवावे आणि भिंतीशी काटकोनात आणावे. सतरंजीवर बसलेल्यांची डोकी मग प्रकाशाच्या आड येत नाहीत. मेनूतील की-स्टोन नावाची सोय तिरके चित्र सरळ करते खरी, पण ते काम ती चित्रातील बिंदू कमी करून आणि उरलेले पुन्हा जुळवून करते. मुळात १०२४ बिंदूंचीच रुंदी असलेल्या यंत्रात त्यामुळे बारीक अक्षरांच्या कडा विरतात. मांडणी आधी योग्य करावी आणि या सोयीचा आधार शेवटच्या किरकोळ दुरुस्तीपुरता घ्यावा.

दुपारच्या फिकेपणाचा हिशेब मांडून दाखवतो, कारण त्यावरून पैसे कशावर खर्च करायचे ते स्पष्ट होईल. दिवा निम्मा उतरला आहे असे धरले तर १६०० ल्युमेन उरतात. आठ बाय सहा फुटांचे क्षेत्र सुमारे ४.५ चौरस मीटर भरते, म्हणजे पडद्यावर साधारण ३६० लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन) प्रकाश पडेल. खिडक्यांतून आलेला उजेड त्याच पडद्यावर ३०० लक्स असेल, तर चित्रातला काळा भाग ३०० आणि पांढरा भाग ६६० होतो, म्हणजे दोहोंत जेमतेम सव्वादोन पटींचा फरक राहतो. हाच उजेड १० लक्सवर आणला तर फरक छत्तीस-सदतीस पटींवर जातो. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. तो केवळ प्रकाश टाकतो आणि काळेपणा खोलीने द्यायचा असतो. म्हणून पडद्याच्या जवळच्या दोन खिडक्यांना आधी जाड काळे कापड लावावे. आपल्याकडील कौलारू इमारतींत उजेडासाठी काचेची कौले बसवलेली असतात, त्यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पडद्यावर उजेड टाकणारी अशी कौले असतील तर तीही आतून झाकावीत.

वाशाला टांगण्याचा विचार मी तूर्त करणार नाही. कौलारू छपराखाली पाणी कधी, कोठून झिरपेल याचा भरवसा नसतो, आणि दर पावसाळ्यापूर्वी कौले चाळताना धूळ व कचरा यंत्रावरच पडेल. पुढे टांगलेच, तर यंत्र उलटे लावून मेनूत छतावरील प्रक्षेपणाची निवड करावी लागते.

कुडाळ_दुरुस्ती

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. वीज आणि हवामान यांबाबत भर घालतो, कारण दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत वापरून झिजलेल्यांपेक्षा न वापरता पडून राहिलेलीच मला अधिक दिसतात.

प्रथम मेनू उघडून दिव्याचे तास पाहावेत. अशा यंत्रांत अतिउच्च दाबाचा पाऱ्याच्या बाष्पाचा दिवा असतो आणि त्याचे आयुष्य बहुधा ३००० ते ५००० तासांच्या आसपास गणले जाते. आकडा त्याच्या जवळ पोहोचला असेल तर नवा दिवा लवकरच लागेल हे गृहीत धरावे. इकॉनॉमी मोडमध्ये चालवल्यास उजेड थोडा कमी होतो, पण दिवा अधिक टिकतो आणि पंख्याचा आवाजही उतरतो. रात्रीच्या कार्यक्रमांना तो पुरेसा आहे.

दिवा बंद केल्यावर पंखा आपण होऊन थांबेपर्यंत मुख्य बटण बंद करू नये. आत साठलेली उष्णता बाहेर पडली नाही तर दिव्याचे आयुष्य घटते. वीज अचानक गेली की नेमके हेच होते, आणि परत आली तरी तापलेला दिवा लगेच पेटत नाही. तो निवेपर्यंत थांबावे लागते. यासाठी १००० व्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस घ्यावा. यंत्राची गरज अंदाजे अडीचशे ते तीनशे वॅट असते, त्यामुळे यूपीएसवर कार्यक्रम पुढे चालणार नाही, पण यंत्र रीतसर बंद करून थंड करण्याइतका अवधी मिळेल. विजेचा दाब कमी-जास्त होतो तोही हा यूपीएस बऱ्याच अंशी सांभाळतो. ध्वनिवर्धकाचा ॲम्प्लिफायर मात्र त्यावर जोडू नये.

आता पावसाळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत किनाऱ्यावर हवा इतकी ओलसर असते की भिंगावर बुरशी धरते आणि जोडण्यांच्या धातूवर खारटपणामुळे हिरवट थर चढतो. यंत्र कापडी पिशवीत घालून पुस्तकांच्या कपाटात ठेवणे टाळावे, कारण कागदही ओल धरून ठेवतो. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावे. रंग बदलणारे जेल घ्यावे, म्हणजे ते ओले झाल्याचे कळते. मग कढईत मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येते. यंत्र गरम असताना डब्यात बंद करू नये. याहून महत्त्वाचे म्हणजे पावसाळ्यात कार्यक्रम असो वा नसो, आठवड्यातून एकदा तासभर यंत्र चालवावे. दिव्याच्या उष्णतेने आतील ओल निघून जाते, आणि याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. त्यासाठी खर्च होणारे दिव्याचे तास मी वाया गेले असे मानत नाही.

कीटकांचाही त्रास होतो. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे उजेडाकडे झेपावतात आणि पंख्याच्या ओढीने यंत्रात जातात. कार्यक्रमाच्या वेळी अंगणात दूर एक प्रखर दिवा लावून ठेवावा, म्हणजे बहुतेक तिकडे वळतील. हवेच्या झरोक्यांवर कापड बांधू नये, कारण यंत्र त्यामुळे तापते. न वापरातल्या जोडण्यांना रबरी टोपणे लावावीत. कुंभारीण माशी मातीचे घर करायला अशीच भोके शोधते. झरोक्यांवरची तांबडी धूळ यंत्र थंड असताना मऊ ब्रशने काढावी, भिंग पुसायचे ते केवळ भिंगासाठीच्या कापडाने, आणि चालू यंत्राच्या भिंगात मुलांनी डोकावू नये याची काळजी कार्यकर्त्यांनी घ्यावी.

गुहागर_शिक्षिका

आमच्या शाळेत हे काम माझ्याकडे असते, म्हणून पडदा आणि जोडणी यांविषयी सांगते. भिंत सपाट असेल तर पडदा विकत घेण्याची घाई करू नये. चुन्यामुळे पृष्ठभाग चकाकत नाही, हा आपल्या भिंतीचा गुणच आहे. मात्र चुन्यात नीळ घालण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि ती निळसर झाक चित्रातल्या माणसांच्या चेहऱ्यावर उतरते. तेवढा आठ बाय सहा फुटांचा भाग घासून, लांबी (पुट्टी) भरून, न चकाकणारा शुभ्र डिस्टेंपर द्यावा आणि भोवती चार इंचांची काळी पट्टी रंगवावी. पट्टीमुळे चित्र उठून दिसते आणि कडेला सांडणारा प्रकाशही ती शोषून घेते. जाहिरातीच्या फ्लेक्सचा कोरा कागद अनेक जण सुचवतात, पण त्यावर मध्यभागी झगमग दिसते आणि कडेला बसलेल्यांना नीट दिसत नाही.

लॅपटॉपसाठी एचडीएमआयमधून व्हीजीएमध्ये (यंत्राची ती निळी पंधरा पिनांची जोडणी) रूपांतर करणारा कन्व्हर्टर घ्यावा, साधी वायर चालत नाही. व्हीजीएमधून आवाज जात नाही, म्हणून आवाजाची जोडणी असलेलाच कन्व्हर्टर निवडावा किंवा लॅपटॉपच्या हेडफोनच्या जागेतून वायर थेट ॲम्प्लिफायरला न्यावी. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना ठेवावेत. आवाज चित्राच्या दिशेनेच आला पाहिजे, नाहीतर मुले मागे वळून पाहत राहतात. लॅपटॉप यंत्राशेजारीच ठेवावा आणि लांब वायर आवाजाची घ्यावी. चित्र न दिसल्यास विंडोजचे बटण आणि पी एकत्र दाबून दोन्हीकडे तेच दिसेल असा पर्याय निवडावा. सशुल्क चित्रपट-संकेतस्थळांवरील साहित्य अशा जोडणीतून संरक्षणामुळे अनेकदा उमटत नाही, शिवाय घरगुती वर्गणीवर सार्वजनिक प्रदर्शन करण्याची मुभाही नसते. मुलांसाठी दीक्षा ॲपवरील चित्रफिती आधीच उतरवून ठेवाव्यात, म्हणजे नेटवर्कवर अवलंबून राहावे लागत नाही. बागायतदारांच्या कार्यक्रमासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे साहित्य आधार म्हणून घ्यावे, परंतु त्याची पाने जशीच्या तशी पडद्यावर दाखवू नयेत. एका पानावर सहा-सात ओळींहून अधिक मजकूर ठेवू नये. मागच्या रांगेतून वाचायचे तर पडद्यावरचे अक्षर किमान दोन इंच उंच हवे, आणि देवनागरीतील अनुस्वार व रफार कमी बिंदूंच्या यंत्रात आधी पुसट होतात.

देवगडचा_वाचक

आपल्या तिघांचेही मनःपूर्वक आभार. दिव्याचे तास पाहिले, ते २७०० भरले आहेत. कार्यकारिणीतील काहींचे म्हणणे असे की नव्या दिव्यावर खर्च करण्यापेक्षा ऑनलाइन मिळणारा ९००० ल्युमेनचा छोटा एलईडी प्रोजेक्टर घ्यावा. तो दिसायला आकर्षक आहे आणि किंमतही कमी आहे. यावर आपले मत काय?

रत्नागिरी_प्रकाशव्यवस्था

दादा, तो घेऊ नये असे मी स्पष्टपणे सांगेन. ल्युमेन हा आकडा कसा मोजला, यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. एएनएसआय (अमेरिकेची मानक संस्था) पद्धतीत पूर्ण पांढऱ्या चित्राचे नऊ भाग करून प्रत्येकाच्या मध्यावरील प्रकाश मोजतात आणि त्यांच्या सरासरीला क्षेत्राने गुणतात. सध्याच्या आयएसओ २१११८ मानकाचा पायाही तोच आहे. स्वस्त यंत्रांवरील आकड्यापुढे यांपैकी कशाचाही उल्लेख नसतो. आपणच पडताळा घ्या: ते यंत्र किती वॅट वीज घेते ते जाहिरातीत पाहा. सत्तर वॅट घेत असेल, तर चांगली एलईडी दर वॅटला शंभर ल्युमेन देते असे धरूनही उगमापाशीच ७००० होतात, आणि त्यातला बराचसा प्रकाश एलसीडीची काच व भिंगे पार करताना नाहीसा होतो. अशा यंत्रांतून पडद्यावर प्रत्यक्षात काहीशे ल्युमेन पोहोचतात. दहा-पंधरा जणांच्या अंधाऱ्या खोलीला ते ठीक आहे, आपल्या सभागृहाला नाही.

लेझरची यंत्रे उत्तम असतात, त्यांचा प्रकाश निम्म्यावर यायला साधारण २०,००० तास लागतात आणि दिवा बदलण्याचा प्रश्नच उरत नाही, परंतु त्यांची किंमत वाचनालयाला आत्ता पेलणार नाही. २७०० तासांचा दिवा इकॉनॉमी मोडमध्ये गणपतीपर्यंत चालण्यास हरकत नाही. हाती असलेल्या पैशांतून आधी काळे पडदे, यूपीएस आणि कन्व्हर्टर घ्या. नवा दिवा मागवताना यंत्राच्या तळाशी असलेला मॉडेल क्रमांक आणि दिव्याच्या पेटीवरील क्रमांक दोन्ही कळवा, आणि जुना दिवा पाऱ्याचा असल्यामुळे तो कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.